बुवांच्या पदांची फाईल

दादरला माझ्या खोलीच्या दारावर ‘येथे मराठी फायली वाचून मिळतील’ अशी पाटी होती. ती पाहून अधूनमधून एखादी म्हातारी गावाहून आलेलं पत्र घेऊन जिना चढायची आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगायची. मी तेही वाचून द्यायचे. एक तर नाही म्हणायला जीभ उचलायची नाही, आणि दुसरं म्हणजे ते काम माझ्या धंद्यापेक्षा सोपं होतं. पत्रातला क हा क असायचा.

माझ्या धंद्यात तशी खात्री नव्हती. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे माणसांनी आपसांत ठरवायचं असतं. इंग्रजीवाल्यांनी ते फार पूर्वी ठरवून टाकलं आणि त्यांचं भांडण मिटलं. मराठीचं मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलं. फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा तक्ता केला. एकाच्या तक्त्यात ज्या आकड्यावर अर्धा स, त्याच आकड्यावर दुसऱ्याच्या तक्त्यात उकार. त्यामुळे लालबागच्या दुकानात टाईप केलेली लग्नपत्रिका गिरगावच्या छापखान्यात उघडली की पडद्यावर टोपी घातलेले ए, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची जत्रा भरायची. खोताच्या वाडीतले एक ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ मुंबईकर ख्रिस्ती, आजोबा त्यांच्या वाडीच्या पुस्तिकेची फ्लॉपी घेऊन आले होते. मला म्हणाले, “मॅडम, हे लॅटिन हाय काय? आमच्या फादरना पण वाचता येत नाय.” ते एका बंद पडलेल्या कंपनीच्या फॉन्टमधलं साधं मराठी होतं. तक्ता शोधायला मला आठवडा लागला, वाचायला एक दुपार.

आता युनिकोड आलं. साऱ्या जगाचा मिळून एक तक्ता झाला, आणि माझ्या पाटीची गरज संपली. याचं मला दुःख नाही. असले तक्ते पाठ असण्यात कसली आली विद्या, ती तर नाइलाजाने शिकलेली गोष्ट होती. पण त्या दिवसांतलं एक काम माझ्या मनातून जात नाही. पुरं झालं की अर्धं राहिलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

दिनेश नावाचा तिशीतला माणूस एका सकाळी आला. लालबागला एका दुकानात लग्नपत्रिका आणि वर्षश्राद्धाच्या जाहिराती संगणकावर लावायचं काम तो करायचा. त्याने फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि बसला नाही.

“मॅडम, माझ्या काकांची पदं आहेत ह्यात. भजनाची. फॉन्ट टाकून बघितला, बरोबरचाच फॉन्ट आहे, तरी कचराच दिसतो.”

“दुसरी प्रत?”

“नाय ना. दुकानाची जुनी मशीन शेठने विकली, डिस्क पुसून. त्याच्याआधी मीच सगळं काढून घेतलेलं.” मग खाली बघून म्हणाला, “काकांना झटका आलाय. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लिहिता त्यांना आधीपासूनच येत नव्हतं.”

मी त्याला बसायला लावलं.

काका म्हणजे विश्राम बुवा. डिलाईल रोडला त्यांच्या गावच्या माणसांची एक सामाईक खोली होती. गिरणीत पाळीपाळीने काम करणारी कोकणातली माणसं अशा खोल्यांतून राहायची, एक पाळी उठली की तिच्या जागेवर दुसरी पडायची. त्या खोलीत मृदंग टांगलेला असायचा आणि सुट्टीच्या दिवशी भजन चालायचं. बुवा साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. मंडळातली बाकीची माणसंही त्याच खात्यातली. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांवर पदं टाकतात त्या डबलबारीत विश्राम बुवांना त्यांच्या भागात जोड नव्हती असं म्हणत. पदं स्वतःची, चाली स्वतःच्या. कोरसवाल्यांना फक्त धृपद पाठ, कारण तेवढंच त्यांना उचलायचं असे. मधले अंतरे एकट्या बुवांच्या डोक्यात.

गिरण्यांच्या संपानंतर ती खोली रिकामी होत गेली. संप मी पाहिला आहे. मी तेव्हा परळला पंचिंगचा, म्हणजे संगणकाच्या कार्डांना भोकं पाडायचा, क्लास करत होते आणि आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांतली पुरुषमाणसं भरदिवसा गॅलरीत उभी असायची. माझे वडील टपाल खात्यात. आमच्याकडे पगार येत होता, आणि फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून आई दार लोटून स्वयंपाक करायची. मला त्या लोटलेल्या दाराची फार लाज वाटायची.

बुवा नंतर वरळीला एका इमारतीत वॉचमन झाले. भजन थांबलंच होतं. पंधराएक वर्षांनी एकदा ते आपण होऊन दिनेशच्या दुकानात गेले आणि म्हणाले, माझी पदं ह्या यंत्रात घाल. मग दुकानातलं काम आटोपलं की काका सांगायचे आणि पुतण्या टाईप करायचा.

“तुला आठवत असेल ना थोडंफार?” मी विचारलं.

“मॅडम, खरं सांगू? मी ऐकतच नव्हतो. कानातून बोटात जायचं. दिवसभर तेच काम, डोकं कुठे चालणार?”

मी फाईल आकड्यांत उघडली. अक्षरांच्या मागचे नुसते आकडे पाहायची मला सवय होती. दहा-पंधरा मिनिटं पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. संबंध फाईलमध्ये एकशे सत्तावीसच्या वरचा एकही आकडा नव्हता.

हे जरा समजावून सांगते. एक आकडा म्हणजे आठ दिव्यांची रांग समजा. प्रत्येक दिवा लागलेला किंवा विझलेला. इंग्रजीचं सारं काम सात दिव्यांत, म्हणजे एकशे सत्तावीसपर्यंतच्या आकड्यांत, भागतं, आठवा त्यांना लागतच नाही. मराठी फॉन्टवाल्यांना मात्र जागा पुरायची नाही. काने, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असा आपला संसार मोठा. म्हणून त्यांनी आठव्या दिव्याच्या जागाही वापरल्या. मराठी मजकुरात आठवा दिवा एकदाही लागलेला नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे कुणीतरी तो सगळीकडे विझवला होता.

“ही फाईल दुकानातून घरी कशी नेलीस?”

“दुकानातला फ्लॉपी ड्राईव्ह बिघडलेला, म्हणून मेल केली. मला स्वतःलाच. मग सायबर कॅफेत उघडून फ्लॉपीवर घेतली.”

“जोडून पाठवलीस?”

“नाय. अटॅच केली की फाईल जड होते, मॅडम. मी बघितलेलं. लाईन मधेच तुटायची. म्हणून सगळं कॉपी करून मेलमध्येच पेस्ट मारलं. टेक्स्टच तर आहे, बोललो.”

त्याने पाहिलं होतं ते खरं होतं. जोडलेली फाईल फुगते, तिसऱ्या हिश्शाने फुगते. कारण मेलचा प्रोग्रॅम तिचे दिवे नव्याने लावतो. आठ-आठ दिव्यांच्या तीन रांगा घेतो, ते चोवीस दिवे सहा-सहांच्या चार रांगांत वाटतो, आणि प्रत्येक रांगेला एक साधं इंग्रजी अक्षर किंवा अंक देतो. तीनाचे चार होतात. पण वाटेत त्याला कुणी हात लावत नाही, आणि पलीकडे ते उलगडून जसंच्या तसं मिळतं. त्या काळी मेल हातोहात पुढे जायची, आणि वाटेत एखादा असा जुना संगणक भेटायचा की ज्याला इंग्रजीपलीकडचं जग माहीत नव्हतं. आठवा दिवा त्याच्या लेखी फालतू. तो विझवून पुढे ढकलायचा. पत्रात नुसती चिकटवलेली पदं त्याच्या तावडीत सापडली होती. ज्या फुगण्याला दिनेश भ्यायला, तेच त्यांचं पांघरूण होतं.

मी हे सांगितलं तेव्हा त्याने पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे मीच मारलं.”

“अजून काही मेलेलं नाही,” मी म्हटलं. मी तेव्हा चाळिशीत होते आणि अशा गोष्टी सहज बोलून जायचे.

आठवा दिवा गेला की प्रत्येक आकड्याची दोन अक्षरं होतात, दिवा लागलेला असता तर एक आणि नसता तर दुसरं. मी प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक जागी दोन्ही लावून बघायचं, अक्षरावाचून लोंबणारी मात्रा वगैरे अशक्य गोष्टी टाकून द्यायच्या, उरलेलं माझ्याकडच्या शब्दांच्या साठ्याशी ताडून बघायचं. संत मंडळींच्या वळणावरचे शब्द पटापट उभे राहिले. विठ्ठल आला, चंद्रभागा आली. पण बुवा मधेच मालवणीत शिरायचे आणि माझा साठा हात टेकायचा. एका जागी दोन शब्द, दोन्ही खरे वाटतील असे. कुठला बुवांचा, हे प्रोग्रॅमने कसं सांगावं?

म्हणून मी आणि दिनेश डिलाईल रोडच्याच एका चाळीत बुवांच्या बिऱ्हाडी जायला लागलो. पहिल्या दिवशी काकींनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, मला पाट दिला आणि माझ्या हातातल्या कागदांकडे संशयाने पाहिलं.

“बाय, ह्येंका सगळा समाजता. बोलूक तेवढा जमत नाय. उगीच दमवू नको तेंका.”

बुवा खाटेवर उशीला टेकून बसले होते. भुवया दाट, डोळे शाबूत. दिनेशने पहिलं पद वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचतात तसं. बुवांचा चेहरा आंबट झाला. डावा हात उठला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका पडला. दिनेश थबकला. बुवांनी पुन्हा ठेका धरला, आणि डोळ्यांनी म्हटलं, आता वाच.

मग कामाची रीत बसली. दांडीवर ठेका, त्यावर दिनेशचं वाचन. चुकीचा शब्द आला की ओळ लंगडायची, बुवांचा हात हवेत थांबायचा, आणि दिनेश दुसरा शब्द लावून ओळ पुन्हा म्हणायचा. बरोबर बसला की हात खाली यायचा. दोन्ही शब्द ठेक्यात बसले तर बुवा मानेने निवडायचे. प्रोग्रॅम अडला तिथे बुवांचा ठेका, आणि बुवा दमले की माझा प्रोग्रॅम, असं आम्ही पद पद पुढे सरकत होतो. कधी कधी बुवांना आपलीच ओळ आवडायची आणि ते ती परत म्हणायला लावायचे. काकी म्हणायच्या, “बघ, अजून मिजास गेली नाय.”

दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर सांगून गेले होते. ते दिनेशला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि माझी खात्री आहे की बुवांनाही ठाऊक होतं. दुकान सुटलं की दिनेश धावत यायचा. या पुतण्याने काकांचं भजन कधी ऐकलं नव्हतं. आता तो वाचता वाचता गुणगुणायला लागला होता. गळा त्याला नव्हता, अजूनही नाही.

शेवटचं पद निराळं निघालं. धृपद पहिल्या बैठकीतच स्वच्छ झालं. ‘हाक मार रे देवा, माझ्या गड्यांका हाक मार.’ पण अंतऱ्यात प्रत्येक ओळीत एक माणूस होता. एक टॅक्सीवर गेला, एक गावी जाऊन परत आला नाही, एकाने विहीर जवळ केली. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या माणसाचं नाव. काकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यां मी कधी ऐकलंय नाय.” हे पद बुवांनी कुणापुढे म्हटलंच नव्हतं. बहुधा यंत्रात घालायला ते आले होते ते याच्यासाठी.

नावांपुढे मात्र आमची रीत चालेना. माणसाचं नाव माझ्या साठ्यात कसं असणार? नाव ठेक्यात बसतं की नाही इतकंच कळायचं, आणि बुवा एकेका नावाला डोळे मिटून घेत. ते हो म्हणताहेत की त्यांना सोसत नाही, हे ओळखता येईना. तेव्हा काकींनीच सुचवलं, “मंडळाक बोलवा.”

एका रविवारी जुन्या मंडळातले जे मिळाले ते आले. कुणी नालासोपाऱ्याहून, कुणी डोंबिवलीहून. मृदंग वाजवणारे सहदेव काका मृदंग घेऊनच आले होते. बुवांना त्यांनी वाकून नमस्कार केला. दिनेश ओळ वाचायला लागला. पहिलं नाव दोन्ही तऱ्हांनी वाचलं, तशी भिंतीपाशी बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठला.

“आसंय, बुवा. मी आसंय.”

पुढचं नाव वाचलं, तिथे कुणी उठलं नाही. सहदेव काका म्हणाले, “तो नाय आता. पण नाव बरोबर आसा.” असं करत करत ओळी लागत गेल्या. खात्यात हजेरी घेतात तशीच ती हजेरी चालली होती. माणसं आपलं नाव पदात आहे हे पहिल्यांदाच ऐकत होती. एकजण उठून बाहेर गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला.

शेवटच्या ओळीपाशी आम्ही अडलो. तिथे नावाच्या जागी फक्त दोन काने उरले होते. आठवा दिवा विझल्यावर काही आकडे इतके खाली येतात की तिथे अक्षरं नसतातच, यंत्राला द्यायच्या आज्ञा असतात. असल्या आज्ञा पत्रात दिसल्या की वाटेतला संगणक त्या उचलून फेकून देतो. या नावाचं नेमकं तेच झालं होतं. इथे दोन पर्यायही नव्हते. माझ्या प्रोग्रॅमला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ओळ वाचली, ‘भजनाक उभो ऱ्हवलो कोपऱ्यात, कधी बसलो नाय,’ म्हणजे भजनाला तो कायम उभाच राहिला, आणि मंडळाने नावं सुचवायला सुरुवात केली. बुवा प्रत्येक नावाला मान हलवत होते. नाही. नाही. त्यांच्या कपाळाला घाम आला. ते तोंड उघडायचे, घशातून आवाज यायचा, पण त्याचं नाव होत नव्हतं. मग सहदेव काकांना आठवलं.

“बदलीवर एक माणूस येय. कोणी कामाक इलो नाय तर त्या दिसापुरतो साच्यार उभो ऱ्हवणारो. आमच्या गावचो न्हय, म्हणान खोलीत बसाक लाजे. दाराकडच्या कोपऱ्यात उभो ऱ्हवान ऐकी.”

बुवांची मान जोरात हलली. हो.

“नाव काय त्याचं?” दिनेशने विचारलं.

सहदेव काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. “कोणाक म्हायत? हजेरी घेणारो पण ‘ए बदली’ म्हणानच हाक मारी.”

बुवा भिंतीकडे तोंड करून रडले. काकींनी आम्हाला जायची खूण केली.

खाली रस्त्यावर दिनेशने मला थांबवलं. “मॅडम, काहीतरी टाका ना तिथे. ठेक्यात बसणारी किती नावं आहेत. राजा टाका, नाना टाका. कोण बघायला येणार आहे?”

“बसतात म्हणूनच टाकायचं नाही,” मी म्हटलं. मी रागाने बोलले. तो म्हणत होता ते काकांच्या मायेने म्हणत होता, हे मला कळत होतं. पण ज्या माणसाला गिरणीत कुणी नावाने हाक मारली नाही, त्याला आम्ही दुसऱ्याच्या नावाने हाक मारायची, हे माझ्याने होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बुवांकडे गेले. जवळ बसले आणि विचारलं, “बुवा, ती जागा रिकामी ठेवू?” त्यांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून दांडीवर दोनदा मारला. नावाच्या दोन अक्षरांएवढेच दोन ठोके. ते मी होकार म्हणून घेतले. आणखी काही विचारायचं मला धाडस झालं नाही.

पदं आम्ही छापून घेतली, पुस्तक पातळसं निघालं. शेवटच्या पानावर एक कोरी जागा आहे, ती छपाईची चूक नाही.

बुवांच्या चाळीच्या सत्यनारायणाला संध्याकाळी खाली पटांगणात मंडळ बसलं. बुवांना खुर्चीसकट खाली आणलं होतं. अंतरे दिनेशने म्हटले, कारण ते सगळे पाठ असलेला मंडळात तो एकटाच होता. आवाज फाटत होता तरी तो ठेका सोडत नव्हता. शेवटचं पद आलं. एकेक नाव घेतलं जात होतं आणि कोरस म्हणत होता, हाक मार रे देवा. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाची ओळ आली. दिनेश थांबला. नुसता मृदंग वाजला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका बाईने एक नाव घेतलं. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिच्या नवऱ्याचं असावं. कोरसने ते उचललं, तेका हाक मार. दिनेशने पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबला. आता पटांगणातून एका म्हाताऱ्याने कुणाचं तरी नाव घेतलं. मग नळाकडच्या बायकांतून एक आलं, मग जिन्यावरून. पदात नसलेली, आम्ही कुणी न शोधलेली नावं येत होती, आणि दिनेश तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सहदेव काकांनी एकदा बुवांकडे पाहिलं, थांबू का म्हणून. बुवांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेका धरून होता. तो थांबला नाही, म्हणून मृदंगही थांबला नाही.